दिगंबर, दोन पाने लिहून दे

केज,
9 ऑक्टोबर 2025

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

अडीच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितो आहे ते काम निघाले म्हणून, याची मला मनापासून लाज वाटते. आई बरी आहे, माझी साखर आटोक्यात आहे, सोयाबीन सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गेले. पत्र लिहायला बसलो आहे ते कोंडामावशीच्या धाकट्या सुनेसाठी; तिच्या शस्त्रक्रियेवर डॉक्टर म्हणून तुझे लेखी मत हवे आहे. मावशीच्या भाकरीचे आपल्यावर किती ऋण आहे, हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून समजणार नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये, ऊसतोडीची टोळी निघण्याच्या तोंडावर, या सुनेची गर्भपिशवी काढली. वय अवघे अठ्ठावीस. अंगावरून पांढरे जाते आणि ओटीपोटात दुखते, एवढीच तक्रार घेऊन ती शेजारच्या जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात गेली होती. तिथे सोनोग्राफी करून, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया उरकली. त्यासाठी मुकादमाने हंगामाआधी आगाऊ दिलेल्या उचलीतले 35,000 रुपये गेले. पंधरा-वीस दिवसांनी लघवी आपोआप गळू लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातले एक माणूस बसले तर खाडा पडतो आणि उचल फिटत नाही, म्हणून ती पोर फडक्यांच्या घड्या बांधून दोन हंगाम उसाच्या मोळ्या वाहत राहिली. मावशीला हे यंदाच्या श्रावणात कळले. अंबाजोगाईला दाखवले तेव्हा मूत्राशयाला भोक पडल्याचे निदान झाले.

2019 मध्ये आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली, तेव्हा तूच मला रात्री फोन करून तो आकडा दोनदा वाचून दाखवला होतास. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करायची नाही असा नियम इथे आला. मावशीची सून जिल्ह्याची हद्द ओलांडून गेली आणि तो नियम इकडेच राहिला.

विधी सेवा समितीच्या पॅनलवरचा वकील म्हणून मी तिचे काम घेतले. कागदावर पाहिले तर कायद्याने तिच्यासाठी बरेच करून ठेवले आहे. स्त्री असल्यामुळे तिला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने ग्राहक आयोगात शुल्क शून्य आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी तक्रार बीडला करता येते. तरीही गेले सहा आठवडे मी दारातच उभा आहे. तिच्याजवळ एक सोनोग्राफीचा अहवाल, औषधांच्या तीन चिठ्ठ्या आणि शिक्का नसलेली एक पावती आहे. डिस्चार्ज कार्ड दिलेच नव्हते. कागदपत्रे मागितल्यावर 72 तासांत द्यावीत आणि दाखल रुग्णाची नोंद तीन वर्षे जपावी, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच लिहिले आहे. मी लेखी अर्ज दिला, त्यावर फाईल सापडत नाही एवढेच उत्तर आले. तिची मोठी जाऊ याच त्रासासाठी सरकारी रुग्णालयात गेली होती. तिच्या उपचारात चूक झाली असती तर तिला ग्राहक आयोगाचे दारही नव्हते, कारण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले आहे. तिला दिवाणी दावा लावावा लागला असता. हरियाणातल्या एका मजूर बाईने कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया फसल्याबद्दल तसा दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2000 मध्ये 54,000 रुपये टिकवले. तिच्याएवढा दम किती जणींना धरता येईल?

डॉक्टरांच्या निष्काळजीपणाने दगावलेल्या अनुराधा साहा यांचे प्रकरण तुला माहीत आहे. 1998 चा मृत्यू, 2013 चा निकाल, भरपाई सुमारे सहा कोटी. लोक तो सहा कोटींचा आकडा लक्षात ठेवतात. मला मात्र एवढेच दिसते की लढणारा नवरा स्वतः अमेरिकेत डॉक्टर होता आणि तरीही पंधरा वर्षे लागली. मावशीच्या सुनेच्या घरात वैद्यकीय कागद वाचू शकणारे कोणी नाही. तिच्या ओळखीतला डॉक्टर म्हणजे तू.

आता 2012 ची गोष्ट काढतो, रागावू नकोस. प्लास्टर घट्ट बसून हात गेलेल्या त्या मुलाचे कागद मी तुझ्याकडे आणले होते. व्हरांड्यात उभा राहून तू म्हणालास, "ही सरळ चूक आहे," आणि मी ते लिहून मागितल्यावर, "मला याच गावात दवाखाना चालवायचा आहे," असे सांगून आत निघून गेलास. माझी तक्रार पुराव्याअभावी फेटाळली गेली आणि मी तुझ्याशी वर्षभर बोललो नाही. तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणात लागतेच असे नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल मी तेव्हाही दाखवला होता, पण आयोगाला ते पटले नाही. पुढे तुझ्याच दवाखान्यावर दगडफेक झाली, त्या रात्री मी तुझ्या फाटकाशी उभा होतो, आणि जमावातला एक बाप ओरडत होता की कोर्टात जायला पैसे कुठून आणू. तुझी चूक नव्हती, हे मला आजही ठाऊक आहे. पण तुझ्यासारख्यांनी चूक लिहून दिली असती, तर चूक नसलेल्या डॉक्टरवर दगड घेऊन जायची वेळ त्या माणसांवर आली नसती, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे, आणि ते मी तुला कधी बोललो नाही.

परवा एक पुढारी तोडपाणी घेऊन मावशीच्या घरी आला. वीस हजार घ्या आणि अंगठा द्या, असे त्याचे म्हणणे आहे. मुकादमही घ्या म्हणतो, कारण ते पैसे उचलीत वळते होतील. मावशीने त्याला चहा पाजला आणि विचार करून सांगते म्हणून वाटेला लावले. मग मला म्हणाली, "दिगूला विचार. आणि त्याचं पोट अजून दुखतं का तेही विचार." गणिताच्या तासाला दुखणारे तुझे पोट तिच्या ओट्यावर बसले की बरे व्हायचे, हे ती विसरलेली नाही.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती नोव्हेंबरात संपते. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असे नाही. दिवाळी झाली की टोळी कारखान्यावर जाईल आणि सून मार्चपर्यंत परत येणार नाही. म्हणून सोनोग्राफीचा अहवाल आणि अंबाजोगाईचे सगळे कागद पाठवतो आहे. त्या अहवालावरून पिशवी काढण्याची गरज दिसते का, आधी औषधोपचार करून पाहायला हवा होता का, आणि ते भोक केव्हा व कसे पडले असावे, एवढेच दोन पानांत, सही-शिक्क्यासह लिहून दे. शस्त्रक्रिया योग्य होती असे तुझे मत पडले तर तेही तसेच लिही. मी ते मावशीला वाचून दाखवीन आणि तुझ्यावर राग धरणार नाही.

सानिकाला एमबीबीएसला प्रवेश मिळाल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींच्या गुडघ्याचे काय झाले ते कळव.

कागद एसटीच्या पार्सलने येतील, उद्या संध्याकाळी स्टँडवर माणूस पाठव.

तुझा,
भगवान