माळकरी झालेल्या मित्राला

पुणे,
श्रावणाच्या तोंडावर

प्रिय सदा,

रामराम.

तुझं पत्र वाचून मी पोट धरून हसलो. मग हिला वाचून दाखवलं, तर ती तुझ्या बाजूची झाली आणि मलाच बोलणी बसली. पंढरपुराहून माळ घालून आलास हे वहिनींकडून फोनवर कळलं होतं. पण वेळ काय साधलीस गड्या! आषाढीला माळ, आणि घरी पाऊल ठेवतोस तोवर गावात आखाड सुरू. गल्लीत प्रत्येक चुलीवर तांबडा रटरटतोय आणि आमचा सदाशिव सोप्यात बसून दोडक्याची भाजी खातोय. तालमीच्या जेवणात रश्श्याच्या पातेल्याशेजारून न हलणारा माणूस तू. जीभ बंड करणारच.

तू दोन गोष्टी विचारल्यास. ते सोयाबीनचं मटण म्हणतात ते नेमकं काय असतं, आणि माळेला ते चालतं का.

माळेचं आधी सांगतो. तुमचे महाराज काय सांगतील ते प्रमाण, तो अधिकार त्यांचा. मला विचारशील तर माळ जिवाच्या हत्येपासून लांब राहायला सांगते, तिखटापासून नाही. हिच्या माहेरी तीन पिढ्या माळ आहे आणि त्यांच्याकडचा पाटवडीचा रस्सा खाऊन घाम पुसावा लागतो. जुन्नर-आंबेगावकडे मासवडी करतात, तीही बेसनाचीच. फक्त एक पथ्य पाळ, ताटात वाढताना त्याला मटण म्हणू नकोस. माझे सासरे सोयाबीनची भाजी मागून मागून खायचे. एकदा कुणीतरी थट्टेनं ‘मटण कसं झालंय मामा?’ विचारलं, तर हात धुऊन उठले. वहिनींनाही ते नाव रुचणार नाही, बघ.

आता माल. दुकानात मिळतात त्या सोयाबीनच्या वड्या तुझ्याच रानातल्या पिकाच्या. दाण्यातून तेल काढलं की जे उरतं, त्याचं खाण्याजोगं बारीक पीठ करतात. पेंड म्हणून नाक मुरडू नकोस, प्रथिनं सगळी त्यातच राहतात. ते पीठ पाण्यात कालवून एका यंत्रात घालतात. आत गरगर फिरणारा स्क्रू, प्रचंड उष्णता आणि दाब. त्या रेट्यात प्रथिनांचे धागे एका दिशेनं ओढले जातात, आणि तोंडाशी दाब सुटला की आतल्या पाण्याची एकदम वाफ होऊन वडी फुगते. म्हणून तिला धागाही असतो आणि भोकंही. अमेरिकेत १९६०च्या दशकात ही रीत निघाली. आपल्याकडे १९८०च्या दशकात इंदूरच्या रुची सोया कंपनीनं न्यूट्रेला नावाची वडी घरोघर पोचवली. पाकिटावर शंभर ग्रॅमला ५२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लिहिलेली दिसतील, पण ती कोरड्या वडीची. भिजल्यावर ती दुपटी-तिपटीनं पाणी पिते, तेव्हा वाटीभर भाजी खाऊन ५२ ग्रॅम पोटात गेले असं समजू नकोस.

लोक या वड्यांना नावं ठेवतात त्याचं कारण एकच, पिळत नाहीत. उकळत्या पाण्यात मीठ घालून पाच-सात मिनिटं ठेव. मग गार पाण्यात काढ, मुठीत धरून पिळ, पुन्हा ताजं पाणी, पुन्हा पिळ. पहिल्या पाण्याला फेस येतो आणि कच्चट, हिरवट वास मारतो. पिळलेलं पाणी नितळ दिसू लागलं की तो वास गेला समज. शेवटचं पिळणं जीव लावून कर. वडी पाण्यानं भरलेली राहिली तर मसाला आत जाणार कुठून? कोरडी झाली की आलं-लसूण, हळद, मीठ आणि दोन चमचे घट्ट दही चोळून अर्धा तास ठेव. मग लोखंडी तव्यावर तेलात परत. कडा तांबूस होऊन वडी बोटाला जराशी टणक लागली पाहिजे. ही परतणी टाळली तर रश्श्यात जाऊन तिचा बोळा होतो.

आता रश्श्याचं खरं दुखणं. कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याचा जीव अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, आणि अळणी हाडांतून उतरते. सोयाबीनला कितीही उकळ, काही उतरत नाही, ती उलट रस ओढून घेते. म्हणून अळणी वेगळी करावी लागते. हिची रीत सांगतो. मूठभर हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी घ्यायचं, कटाच्या आमटीला घेतो तसं. त्यात मशरूमची देठं, एक कांदा चार फोडी करून, ठेचलेला लसूण, आल्याचा तुकडा, मिरी, एक मसाला वेलदोडा आणि जरासं दगडफूल घालून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवायचं आणि गाळायचं. डाळीमुळे दाटपणा येतो, मशरूममुळे तो जिभेच्या मागे रेंगाळणारा गोडवा. पांढऱ्यासाठी यात काजू-खसखस-तिळाचं बारीक वाटण आणि नारळाचं दूध घाल, आणि दूध पडल्यावर खळखळून उकळू देऊ नकोस, फाटतं. पांढऱ्यात वडी टाकूच नको, तो नुसता पी. तांबड्यात मात्र परतलेल्या वड्या शेवटी घालून दहा मिनिटं झाकून ठेव.

कांदा-लसूण तू फक्त एकादशीला सोडतोस असं वहिनी म्हणाल्या. चातुर्मासभर सोडणार असशील तर हे पत्र कार्तिकीपर्यंत घडी घालून ठेव, कारण त्याच्याशिवाय यातलं काहीच उभं राहत नाही.

माझं मत विचारशील तर हा सगळा खटाटोप खिम्यात सर्वांत जास्त फळतो. सोयाबीनचा चुरा मिळतो, तो गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून फडक्यात घट्ट पिळायचा. कांदा तांबूस करून त्यात टोमॅटो आटवायचा, मग चुरा घालून तो भांड्याला चिकटू लागेपर्यंत परतायचा. मग तुझा कांदा-लसूण मसाला, मटार, वरून लिंबू. मटणाच्या खिम्याला स्वतःची चरबी असते, याला नसते, तेव्हा तेलाला हात आखडू नकोस. पावाबरोबर दे आणि कुणाला काही सांगू नको. मी बाहेर मटण खातो हे तुला ठाऊक आहे, तरी घरचा हा खिमा मला कमअस्सल वाटत नाही. रश्श्यातल्या वडीबद्दल तसं म्हणणार नाही.

नातवानं मोबाईलवर दाखवलं म्हणतोस ते गोठवलेलं महागडं मांस वेगळं. तेही सोयाबीनचं किंवा वाटाण्याच्या प्रथिनांचं, पण यंत्राच्या तोंडाशी ते गार करून काढतात, म्हणून फुगत नाही आणि लांब, ओलसर धागा राहतो. आपल्या रितेश आणि जेनेलिया देशमुखांनीही २०२१ मध्ये अशा मांसाची कंपनी काढली. अमेरिकेत पॅट्रिक ब्राउन नावाच्या शास्त्रज्ञानं २०११ मध्ये इम्पॉसिबल फूड्स सुरू केली, त्यातली खुबी तुला शेतकरी म्हणून आवडेल. फुलोऱ्यातलं सोयाबीनचं झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडून बघ, आत लालसर दिसेल. तो रंग ज्या प्रथिनाचा, ते रक्तातल्या लाल द्रव्याच्या नात्यातलं आहे. ब्राउननं ते यीस्टकडून बनवून घेतलं आणि बर्गरमध्ये घातलं. त्यानं रंग येतो आणि भाजताना मांसाची चवही. २०१६ मध्ये तो बर्गर न्यूयॉर्कच्या हॉटेलात विकायला आला. तिथलीच दुसरी कंपनी बियाँड मीट, ते लाल रंगासाठी बीट वापरतात.

असलं पाकीट आणलंस तर दोन गोष्टी बघ. एक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. बाहेरदेशीच्या काही मालात बांधणीला अंड्याचा पांढरा बलक असतो, आणि तुला तो चालणार नाही. दुसरं म्हणजे मीठ. त्यात ते आधीच घातलेलं असतं, तेव्हा रश्श्याला मीठ शेवटी चाखून घाल. गोठवलेलं पाकीट आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेव, आणि मटणासारखं तासभर शिजवत बसू नकोस. बहुतेक वेळा ते शिजलेलंच असतं, जास्त शिजलं की रबर. चव वाईट नाही, पण भाव ऐकून तुझा गळा सुकेल. सणावाराला एखादं आण, रोजच्याला वडीच बरी.

सुक्क्याला यातलं काहीच नको. त्याला कुयरी, म्हणजे कोवळा फणस. ती आता मिळायची नाही, फाल्गुन-चैत्रात कोकणातून येईल तेव्हा घे. हाताला आणि विळ्याला तेल चोळून चीर, नाहीतर चीक जाता जात नाही. फोडी हळद-मीठ घालून कुकरला दोन शिट्ट्या द्यायच्या, मग वरवंट्यानं हलकेच चेपायच्या. धागे मोकळे होतात आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण त्यांत शिरतं. शेवटी पातेल्यात वाटी ठेवून पेटता कोळसा, त्यावर तुपाचा थेंब, झाकण. दिसायला आणि तोडायला थेट सुकं. प्रथिनं मात्र नावापुरती, तेव्हा सोबत उसळ हवीच.

चीनमधल्या बौद्ध मठांत गव्हाचं करतात तेही ऐकून ठेव. कणकेचा गोळा पाण्यात धूत राहायचा, पिठूळ पाणी निघून गेलं की हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. कुरडयांना आपण चीक ठेवून चोथा गुरांना घालतो, त्यांचं बरोबर उलटं. मला तो प्रकार चिवट वाटला. वहिनींचा वेळ त्यात घालवू नकोस.

आणि दूध-दही सोडू नकोस. मटण बंद झालं की बी-१२ कमी पडू शकतं, त्याची भरपाई सोयाबीन करत नाही. पुढच्या वेळी रक्त तपासशील तेव्हा डॉक्टरांना तेवढं बघायला सांग.

कार्तिकीला पंढरपूरला जाशील, त्याआधी दोन दिवस इकडे ये. खिमा मी करतो, पांढरा ही करेल. येताना घरचा कांदा-लसूण मसाला किलोभर आण, इथला विकतचा हिला पसंत पडत नाही. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
वसंता