पासपोर्ट पोस्टातून येतो, मग माहिती का नाही?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

देवळी तालुक्यात मी ३१ वर्षे पोस्टमन होतो. पासपोर्टचं पाकीट ज्याचं त्याच्याच हाती द्यावं लागतं, म्हणून कितीदा तरी वावरात जाऊन दिलं. कापूस वेचणारा पोट्टा हात पँटीला पुसतो, पाकीट फाडतो अन् पहिले आपला फोटो पाहतो. आतली एक ओळ मात्र कोणी वाचत नाही. मीही कधी वाचली नव्हती.

माझा भाचा नववी शिकलेला, पुलगावात वेल्डिंग करायचा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असं छापून येतं. म्हणजे आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जायचं तर आधी उत्प्रवासी संरक्षकांची, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांची, मंजुरी पाहिजे. त्याला दुबईला पाठवणारा एजंट म्हणाला, "मामाजी, ती झंझट कशाला? व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे कंपनी बदलून देते." फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही, मेख तिथंच आहे. बहिणीने तूर विकून अन् बचत गटातून उचलून ८५ हजार दिले. पावती नाही. चार महिन्यांनी पोट्टा परत आला, दोन महिन्यांचा पगार तिकडेच राहिला. तक्रार काय करणार? कागदावर तो दुबई पाहायला गेला होता!

बाकीचं नंतर कळलं. १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे एजंटला सरकारी नोंदणीशिवाय परदेशी भरती करताच येत नाही. नोंदणीवाल्यालाही ३० हजार रुपये अन् त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचं नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतं. भाचा मंजुरी घेऊन गेला असता तर १० लाखांचा अपघात विमा निघाला असता. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. तेवढ्यात आमच्याकडे फवारणीच्या औषधाची बाटलीही येत नाही.

विचारायला गेलो तिथे एका साहेबांनी सांगितलं, विमानतळावरच्या इमिग्रेशनवाल्यांना भेटा. ते तर गृह खात्याचे, पासपोर्ट तपासणारे. कामगारांचे संरक्षक परराष्ट्र खात्याचे, अन् त्यांचं कार्यालय मुंबईत. ‘इमिग्रेशन’ अन् ‘एमिग्रेशन’, ‘इ’ अन् ‘ए’ एवढाच फरक, पण त्यापायी वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एक रात्र.

२०१७पासून परराष्ट्र खातं पासपोर्टची कामं मोठ्या पोस्टांतूनही करतं. अर्ज तपासतानाच समोरच्याचं शिक्षण किती ते बाबूला दिसतं. त्याच वेळी त्याच्या हाती मराठीतला एक कागद द्यावा: तुझ्या पासपोर्टवर काय छापून येणार, त्याचा अर्थ काय, एजंटला किती द्यायचे. अन् संरक्षकांच्या कार्यालयातला एक माणूस महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या पोस्टात बसवावा. टेबल-खुर्ची आमचं खातं देईल.

भाचा परवा म्हणत होता, ओमानसाठी एक जण विचारतो. म्हटलं, पहिले त्याचं नाव विचार, मोबाइलवर टाकून पाहू. तीन दिवस झाले, नाव आलेलं नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त पोस्टमन
ता. देवळी, जि. वर्धा