गुडघ्याची दुखापत ‘किरकोळ’ कोणी ठरवली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सामन्याच्या बातमीत ‘गुडघ्याला किरकोळ दुखापत’ असं वाचलं की माझा उजवा गुडघा ठणकतो. तीस वर्षांपूर्वी माझ्याही दुखापतीला सगळ्यांनी किरकोळच म्हटलं होतं.

फुटबॉलचा सामना होता. पाय रोवून वळत होतो, तेवढ्यात समोरच्याचा धक्का मांडीला बसला. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला, तो शेजारच्या खेळाडूलाही ऐकू गेला. दोन मिनिटांत कळ ओसरली, म्हणून उठून पुन्हा खेळलोसुद्धा, आणि त्याबद्दल टाळ्याही मिळाल्या. तासाभरात गुडघा इतका भरून आला की वाटीचा उंचवटाच दिसेना. एक्स-रेत हाड शाबूत निघालं आणि सगळे निर्धास्त झाले. तीन आठवड्यांनी मी मैदानावर होतो. महिनाभराने जिना उतरताना गुडघा आतल्या आत सरकला आणि मी कठडा धरून मटकन खाली बसलो.

एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा बंध दिसत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या मधोमध फुलीसारखे दोन बंध धरून ठेवतात. त्यातला पुढचा म्हणजे एसीएल. नडगी पुढे सरकू नये, याची काळजी तो घेतो. तो तुटला तरी सरळ चालता येतं, कधी कधी पळताही येतं. फसगत होते ती तिथेच. खरी परीक्षा वळताना होते.

म्हणून ‘दुखतंय का?’ यापेक्षा ‘सूज कधी आली?’ हे आधी विचारावं. दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठल्याची दाट शक्यता असते, आणि तरुण खेळाडूत त्याचं सर्वांत नेहमीचं कारण एसीएल तुटणं. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू चढली आणि गुडघा मध्येच अडकू लागला, पूर्ण सरळ होईना, तर दोन हाडांमधली कूर्चेची गादी (मेनिस्कस) फाटल्याचा संशय घ्यावा. बाहेरच्या बाजूने धक्का बसून आतली बाजू दुखत असेल तर बहुधा तिथला बंध ताणलेला असतो. तो बऱ्याचदा पट्टा आणि व्यायामाने भरून येतो. अर्थात निदान डॉक्टरांनीच करायचं. अनुभवी डॉक्टरांना नडगी हाताने पुढे ओढून पाहूनच बरंच काही कळतं, एमआरआय त्यानंतर.

मैदानात मात्र एवढं पाळावं: खेळाडूला बाहेर काढा आणि परत पाठवू नका. पाय ओढून ‘बसवणं’ आणि चोळणं हे दोन्ही उद्योग बंद. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पाय उंच ठेवा. गुडघा जागचा हललेला दिसला, पाऊल गार, फिकट किंवा बधिर पडलं, तर थेट रुग्णालय गाठा. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावली असेल तर पाय वाचवायला हाताशी मोजके तासच असतात.

एसीएल तुटला म्हणजे ऑपरेशनच, अशीही एक समजूत आहे. स्वीडनमध्ये तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात आधी व्यायामाचा मार्ग दिलेल्या ५९ जणांपैकी दोन वर्षांत २३ जणांनीच पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. ज्याला पुन्हा वळणाचे, धक्काबुक्कीचे खेळ खेळायचे आहेत, त्याचा निर्णय वेगळा होऊ शकतो. पण शस्त्रक्रिया केली तरी नऊ महिन्यांच्या आत मैदानाचं नाव काढू नये. तोवर दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के व्हायला हवी. ‘आता दुखत नाही’ हा निकष नव्हे. मी त्याच निकषावर परतलो होतो.

आपल्या क्रीडा प्रतिनिधींना एक विनंती. सामना संपल्यावर तासाभरात दुखापत किरकोळ की गंभीर, हे संघाच्या डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही. तेव्हा ‘गुडघ्याला दुखापत, तपासणी बाकी’ एवढंच छापावं. शब्द एकच जास्त लागतो.

आपला,
एक माजी फुटबॉलपटू