सातव्याची चाल

पुणे

प्रिय दोस्ता,

रेकॉर्डिंग ऐकून तू एवढंच लिहिलंस, 'छान आहे, पण जायचंय कुठे?' आधी राग आला. तबलजींना काय, सगळं द्रुतच हवं, असं घरात बडबडूनही झालं. (तुझा विलंबित एकताल आठवला आणि गप्प बसलो.)

बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समधलं, म्हणजे एकाच आरिआवर (गाण्यासारख्या धूनवर) बेतलेल्या रचनांमधलं, सातवं मी वर्षभर पियानोवर संथच वाजवतोय. सहा-आठचे ते हेलकावे मला अंगाईच वाटायचे. 1741 च्या छापील प्रतीत पंधराव्यावर 'अँडान्ते' (चालती लय), बाविसाव्यावर 'आला ब्रेव्हे' (मापाला दोन ठोके), बाकी लयीच्या नावाने जवळपास सगळं कोरं. म्हणजे मोकळं रान!

आणि मग कळलं, की बाखची स्वतःची प्रत 1974 मध्ये स्ट्रासबुर्गला सापडलीय आणि तिच्यात सातव्यावर त्याने हाताने लिहून ठेवलंय: 'आल तेंपो दी जिगा', म्हणजे जिगाच्या लयीत. जिगा म्हणजे उडत्या पावलांचा नाच. गेली की रे माझी अंगाई!

दुसऱ्या दिवशी मेट्रोनोम वाढवून बसलो. ट्रिल्सचा (शेजारच्या दोन सुरांच्या झपझप आलटापालटीचा) पार चिवडा झाला. वैतागून डिजिटल पियानोवर हार्पसिकॉर्डचा, म्हणजे बाखच्या काळातल्या कळवाद्याचा, आवाज लावला आणि जुन्याच लयीत वाजवलं, तर सुरासुरांत भोकं! हार्पसिकॉर्डची तार छेडल्यावर नाद विरायला लागतो, तो धरून ठेवायला पेडल नाही. इतके दिवस माझा संथपणा पियानोच्या गुंजनावर तगून होता.

लय शेवटी स्वयंपाकघरात सापडली. चहा उकळेपर्यंत डाव्या हाताची ओळ गुणगुणत चाललो, एका मापाला दोन पावलं. पाऊल आपणहून उचललं जातंय आणि ट्रिल तोंडाने नीट म्हणता येतेय, अशी एक चाल लागली. मोजली तर मिनिटाला 60 पावलांच्या आसपास. जिगाच्या मानाने जरा सुस्तच, पण माझे गुडघे एवढंच नाचतात.

पियानोवादक ग्लेन गूल्डच्या याच रचनेच्या दोन रेकॉर्डिंग्जमध्ये सुरुवातीची आरिआ 1955 मध्ये दोन मिनिटांच्या आत संपते, 1981 मध्ये तीन मिनिटांवर जाते. माणूस तोच, पानही तेच. मला 1981 ची जवळची वाटते. तुला बहुधा पहिली आवडेल.

नवं रेकॉर्डिंग सोबत पाठवतोय. पुनरावृत्तीत बाखने लिहिलेली एक ट्रिल मी मुद्दाम गाळलीय. कुठली ते ओळख, आणि खटकली तर तसं लिही.

तुझाच