स्वप्नाला धुके कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांत आणि अलीकडे दिवाळी अंकांतही कवितेशेजारी संगणकावर संस्कार केलेले छायाचित्र छापण्याची पद्धत रूढ झाली आहे. कविता स्वप्नाविषयी किंवा ईश्वरी अनुभूतीविषयी असेल, तर जांभळे धुके, पाठमोरी आकृती आणि आकाशातून उतरणारा प्रकाशझोत हे जवळजवळ ठरलेलेच असते. कविता आणि बदललेले छायाचित्र एकत्र येण्याला माझा मुळीच विरोध नाही. आक्षेप आहे तो स्वप्न म्हणजे अंधूक काहीतरी, या समजुतीला.

या प्रकाराचा एक उत्तम नमुना १९३५ मध्ये पॅरिसमध्ये गी लेव्ही मानो या प्रकाशकाने काढला. ‘फासिल’ या छोटेखानी पुस्तकात फ्रेंच कवी पॉल एल्युआर यांच्या कविता आणि अमेरिकी छायाचित्रकार मॅन रे यांची छायाचित्रे आहेत; छायाचित्रांतली स्त्री म्हणजे कवीची पत्नी नुश. मॅन रे आणि छायाचित्रकार ली मिलर यांनी काही वर्षे आधी डार्करूममध्ये सोलरायझेशनचे तंत्र हाताळले होते. प्रतिमा रसायनात अर्धवट उमटलेली असताना तिच्यावर क्षणभर प्रकाश पाडला, की काळ्या-पांढऱ्या छटा काही ठिकाणी उलटतात आणि जिथे दोन छटा भिडतात तिथे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ उमटते. शरीर ओळखीचे राहते, पण या जगातले वाटत नाही. म्हणजे इथे स्वप्नाचा भास होतो तो कडा पुसल्यामुळे नव्हे, त्या नको इतक्या ठळक झाल्यामुळे. शिवाय प्रतिमेच्या मुळाशी खरे माणूस होते. १९४६ मध्ये नुश अचानक गेली आणि पुढच्या वर्षी एल्युआर यांनी टोपणनावाने शोककविता प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांच्या सोबतीला पुन्हा तिचीच छायाचित्रे होती, मॅन रे आणि डोरा मार यांनी टिपलेली.

आपल्या परंपरेतले स्वप्नही असेच स्वच्छ आहे. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन जागे केले, असे सांगणाऱ्या तुकोबांच्या अभंगात धुक्याचा मागमूस नाही. कवित्वाचे काम नेमून दिले जाते, वाउगे बोलू नको अशी ताकीद मिळते, विठ्ठल थापटून सावध करतो आणि नामदेवांच्या शत कोटी अभंगांच्या संकल्पातले जे उरले आहे ते पुरे करण्याचा हिशेबही तिथेच समजावला जातो. वाण्याच्या घरातल्या कवीला साक्षात्कार होतो तोही माप टाकून, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. या अभंगासाठी छायाचित्र करायचेच झाले, तर ते धान्याच्या मापाचे आणि खांद्यावर पडलेल्या हाताचे असावे, आणि त्यात जो काही बदल करायचा तो त्या मापाला अधिक लख्ख करणारा असावा. प्रभावळ आणि ढग यांची सोय कॅलेंडरांनी केव्हाच करून ठेवली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांबाबत माझी अडचण इथेच आहे. त्यांत बदलण्यासारखे मूळ छायाचित्रच नसते; कॅमेऱ्यासमोर कोणी उभे राहिलेले नसते, त्यामुळे ओळखीच्या गोष्टीने अनोळखी व्हावे ही शक्यताच उरत नाही. अशी चित्रे छापू नयेत असे माझे म्हणणे नाही, पण ती तशी आहेत हे वाचकाला कळायला हवे. म्हणून दोन विनंत्या आहेत. कवीच्या नावाबरोबर छायाचित्रकाराचेही नाव द्यावे आणि मूळ प्रतिमेवर कोणता संस्कार केला हे एका ओळीत सांगावे. दुसरे म्हणजे, कवितेची अक्षरे चित्रावर छापू नयेत. ‘फासिल’मध्ये ओळी शरीराच्या कडेने वळत जातात, आपल्याकडे मात्र त्या थेट चेहऱ्यावर बसवल्या जातात आणि गडद पार्श्वभूमीवरची शेवटची दोन कडवी भिंग घेऊनही वाचता येत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा