काकूंना निशिकासाईत जेवायला कोठे न्यावे?

निशिकासाई, टोकियो
८ फेब्रुवारी

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तू विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार होते आणि मी लिहायला बसण्याच्या आतच ते हातचे गेले. आपल्या सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या, दुकानाचे मालक ताइशो यांनी दुकान कायमचे वाढवले. जानेवारीत शटरवर एक कागद लागला. वयोमानामुळे दुकान बंद करीत आहोत, इतकी वर्षे आपण येत राहिलात याबद्दल ऋणी आहोत, असे त्यांच्याच ब्रशच्या अक्षरात लिहिले होते. मुलगा ओसाकाला नोकरीत आहे, त्याला पिठात हात घालायचे नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. मेधाला हळहळ वाटली. पण तिच्या लेखी ते चांगल्यापैकी एक दुकान होते. तेथे आपण कोणत्या भांडणाचा निकाल लावून घेतला, हे जाणणारा तुझ्यावाचून दुसरा कोणी नाही, म्हणून हे फोनवर न सांगता लिहितो आहे.

आम्ही सगळे ठीक आहोत. मेधाची सर्दी गेली आणि माझा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे.

आता मुख्य चिंता. एप्रिलमध्ये तू काकूंना घेऊन येणार, आणि काकूंचे म्हणणे असे, की इडली-डोसा, पोळी-भाजी यांतले काही दाखवू नका, अनंता जेथे जेवत असे तेथेच बसून तेथलेच जेवायचे आहे. त्यांना भारतीय जेवण हवे असते, तर मला क्षणभरही विचार करावा लागला नसता. तू होतास त्याहून आपली माणसे आता पुष्कळ वाढली आहेत. संपूर्ण टोकियोत सर्वांत जास्त भारतीय आपल्या एदोगावा प्रभागातच राहतात, आणि २०१९ साली तर आपले योगेंद्र पुराणिक येथून निवडून येऊन प्रभागसभेत बसले. स्थानकाच्या दोन्ही अंगांना आपली उपाहारगृहे आहेत, डाळी-मसाल्यांची दुकाने आहेत. मात्र सोसायटीतल्या आपल्या शेजाऱ्यांना मी विचारत फिरलो, की या भागात जपानी जेवण कोठे चांगले मिळते, तेव्हा बहुतेकांना एकही दुकान सांगता आले नाही. जेथे आपण घर केले, मुले वाढवली, तेथल्या माणसांच्या चुलीची चव आपल्याला माहीत नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. शाकाहाराची अडचण खरी आहे. पण अडचण आहे म्हणून विचारायचेच नाही, हे मला पटत नाही.

काकूंना आधी समजावायचे झाले तर असे सांग, की जपानी जेवणात मासा ताटात दिसतो त्याहून अधिक पाण्यात असतो. कात्सुओ हा आपल्याकडच्या कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरावर धरून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि त्याचे काप पाण्यात उकळून दाशी काढतात. ती मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सुपात असते, शिजवलेल्या भाज्यांत असते, टेम्पुरा या तळणाबरोबरच्या वाटीत असते आणि भात भरलेल्या इनारीच्या गोडसर टोफूतही बहुधा असतेच. नुसता थंड टोफू मागवला, तरी त्यावर त्याच माशाचा पातळ कीस भुरभुरलेला येतो. म्हणूनच दुकानदाराला ‘मासा नको’ एवढेच सांगून भागत नाही. त्याच्या लेखी दाशी हा मासा नसतो, ते पाणी असते.

ताइशोंचे मोठेपण यातच होते. टोकियोचे सोबावाले त्सुयूसाठी, म्हणजे सोबा बुडवून खायच्या रसासाठी, माशाचे जाड काप बराच वेळ उकळून गडद दाशी काढतात, त्यात कोम्बू, म्हणजे वाळवलेले समुद्रशेवाळ, सहसा घालतच नाहीत. त्यामुळे मासा पडण्याआधीचे पाणी आपल्यासाठी बाजूला काढा, असेही त्यांना सांगता येण्यासारखे नव्हते. मात्र शोयू (सोया सॉस), मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू) आणि साखर यांची काएशी निराळी शिजवून काही दिवस मुरवलेली असते, आणि तीत मासा नसतो. अडते ते दाशीपाशी, तेवढे बदलले की झाले, हे त्यांनी स्वतःच विचार करून काढले. आदल्या रात्री कोम्बूची पट्टी आणि वाळवलेली शिइताके अळिंबी काचेच्या बरणीत भिजत घालायची आणि सकाळी त्या पाण्यावर आपली त्सुयू करायची, असा क्रम त्यांनी आपल्यासाठी लावला. त्या बरणीवर त्यांनी तुझे नाव चिकटवले होते, माझे नव्हे, हे मी अजून विसरलेलो नाही. कोम्बूतल्या चवीचे मूळ रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी १९०८ साली शोधले, शिइताकेतले पुष्कळ पुढे सापडले, आणि दोन्ही एकत्र आली की चव बेरजेपेक्षा जास्त वाढते, हे व्याख्यान तू मला पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर बसून दिले होतेस; त्या दिवशी बुडालेला कांजी लिपीचा तास मला पुढे परीक्षेत नडला.

आणि ‘वैशाली’ हॉटेलातले ते भांडण! शिजवणाऱ्याला बदल सांगणे म्हणजे त्याचा अपमान, ज्याला चालत नसेल त्याने त्या दारात जाऊ नये, हे तुझे म्हणणे. वेळेवर आणि आदराने विचारले तर शिजवणाऱ्याला त्यात आपला मान वाटतो, हे माझे. तू तावातावाने बोलत होतास आणि त्याच वेळी वेटरला कांदा-लसूण न घालता काय मिळेल ते विचारत होतास. ताइशोंनी पहिल्यांदा बरणी पुढे ठेवली तेव्हा तू माझ्याकडे पाहिलेस, पण हार कबूल केली नाहीस. मी आजही माझ्या बाजूचा आहे. मात्र त्यात एक भर घालावीशी वाटते. आपली काही मंडळी दुपारी बाराच्या गर्दीत, माणसे दारात ताटकळत असताना, शिजवणाऱ्यासमोर भ्रमणध्वनीवरचा मजकूर धरतात: मांस नाही, मासा नाही, अंडे नाही. त्याला त्या क्षणी काहीही करता येत नाही, तो हात जोडून नकार देतो, आणि मग आपले लोक बाहेर येऊन सांगतात, की येथे आपल्याला काही मिळत नाही. विचारायची वेळ दुपारचे जेवण आटोपून संध्याकाळची तयारी सुरू होण्याआधीची, आणि तीही काही दिवस अगोदर.

मी सध्या त्याच वेळेला फिरतो आहे. फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात काकडीची माकी, म्हणजे शेवाळाच्या पानात वळलेला भात, आणि आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो एवढेच हाती लागते. त्यातही नात्तोबरोबरच्या पुडीतल्या रसात माशाचा अर्क असतो. तू तेथे काकडीच्या रिकाम्या ताटल्यांचा एवढा मनोरा रचला होतास, की शेजारचे लहान मूल आईला सांगून तो मोजू लागले होते. काकूंना तेथे गंमत म्हणून नेऊ, जेवायला नाही. उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या, दुकानात थंड उदोनवर साधी शोयू, किसलेला मुळा आणि लिंबू पिळून मिळते, आणि ते खरोखर चांगले लागते. पण काउंटरवरचा प्रत्येक टेम्पुरा कोळंबी तळलेल्या तेलातच तळलेला असतो. ताकाओ डोंगरावरच्या याकुओइन या बौद्ध देवळात भिक्षूंची शाकाहारी शोजिन र्‍योरी मिळते, तू ते सुचवशीलच. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे काकूंच्या चातुर्मासालादेखील चालावे असे. परंतु ते टोकियोच्या पार पश्चिमेला आहे, आणि काकूंना तू राहत होतास ती वस्ती पाहायची आहे. देवळात जेवून त्यांचे पोट भरेल, मन भरणार नाही.

म्हणून मी शेवटी बागेकडे जाणाऱ्या गल्लीतल्या तेइशोकूच्या, म्हणजे ठरावीक ताट देणाऱ्या, दुकानात गेलो. तुला आठवत असेल, दारात नोरेनचा निळा पडदा, आत एक लांब काउंटर आणि मागे दोनच मेजे. आता तेथे आजीबाई एकट्याच सगळे पाहतात. मी त्यांना सरळ सांगितले, की माझ्या मित्राची आई येते आहे, ती मासे खात नाही, दाशीसुद्धा खात नाही, आणि तिला तुमच्याकडचे जेवायचे आहे. त्यांनी ‘जमेल’ म्हटले नाही आणि ‘नाही’ही म्हटले नाही. मिसोचा डबा उचलून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मागची बारीक अक्षरे वाचली. मग म्हणाल्या, यात दाशी मिसळलेली आहे, हा चालणार नाही, दुसरा आणावा लागेल. अनंता, मला त्याच क्षणी वाटले, की येथे काम होईल. जो माणूस आधी डब्याची पाठ वाचतो, त्याला आपले म्हणणे कळलेले असते.

त्यानंतर त्यांनी मला एकदा चव पाहायला बोलावले. कोम्बू-शिइताकेच्या पाण्यावरचे मिसोचे सूप होते; पहिल्या घोटाला मला ते हलके वाटले, पण वाटी संपेपर्यंत चव तोंडात भरली. कोमात्सुना आणि तळलेला टोफू एकत्र शिजवलेले होते. ही भाजी आपल्या एदोगावातलीच, कोमात्सुगावा गावावरून शोगुन योशिमुनेने तिचे नाव ठेवले असे सांगतात. काकूंना ही हकिकत फार आवडेल, कारण भाजी कोणत्या गावची हे त्या मंडईतसुद्धा विचारतात. तीळ वाटून घातलेल्या टोफूत भाज्या कालवलेले शिराआए मात्र माझ्या मते त्या जेवणातले सर्वांत सुंदर होते. दाटसर, किंचित गोड, आणि तिळाचा वास पुढे. एप्रिलमध्ये कोवळे बांबूचे कोंब येतात, त्यांचा भात कोम्बूच्या पाण्यावर करीन, असे आजीबाईंनी आपणहून सांगितले. लोणचे त्यांच्या घरच्या कोंड्यातले आहे, त्यात मिरची आणि कोम्बूशिवाय काही नाही, हेही मी विचारून घेतले.

तरीही मन स्वस्थ नाही. गर्दी त्यांना एकटीला झेपत नाही, म्हणून त्यांनी फक्त आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारी दोननंतर बोलावले आहे. काकूंच्या औषधांच्या वेळा आणि दुपारची वामकुक्षी मला आठवते. सोबा त्यांच्याकडे नाही, आणि काकूंना तर तू वर्णन केलेली ती लाखेची चौकोनी किटली, तिच्या कोपऱ्यातल्या तोटीतून शेवटी उरलेल्या त्सुयूत ओतायचे सोबाचे गरम पाणी, हे सगळे पाहायचे असेल. सोबा मी घरी उकडू शकतो, किटलीही मिळेल. पण घरी खाल्लेले त्यांच्या हिशेबात धरले जाणार नाही.

म्हणून मला काही गोष्टी लगेच कळव. मिरिनमध्ये मद्यार्क असतो, शिजवताना बराचसा उडून जातो. काकूंना ते चालेल का? ज्या कढईत कोळंबी तळली तीत तळलेले चालत नाही, हे मी गृहीत धरले आहे. तुमच्या लग्नाच्या स्वागत समारंभात त्यांनी आचाऱ्याला जे ऐकवले, ते मी विसरलेलो नाही. आणि त्या आठवड्यात एकादशी येते का, तेही पंचांगात पाहा. गोड पदार्थाची काळजी नको. स्थानकाजवळच्या मिठाईच्या दुकानात साकुरामोची मिळतील, आत गोड वाटलेल्या चवळीसारख्या लाल दाण्यांचे सारण आणि बाहेर चेरीचे खारवलेले पान. ती घेऊन ग्योसेन पार्कमध्ये बसू. तेथले प्राणिसंग्रहालय अजूनही विनामूल्य आहे.

तुझी बढती झाल्याचे वाचून आनंद झाला, अभिनंदन. ईशानला दहावीचा फार ताण देऊ नका. सुनीतावहिनींच्या गुडघ्याचे काय झाले ते लिहिले नाहीस.

ताइशोंच्या घरी मी जाऊन आलो. ते अजून त्याच इमारतीत वर राहतात, पाठ दुखते म्हणतात, पण बोलायला उत्साह होता. काकू येणार हे ऐकून त्यांनी भेटायला येतो असे म्हटले आहे, आणि आजीबाईंच्या दुकानात आपल्या हाताने सोबा कापून देता येईल का, अशी विचारणा माझ्यामार्फत केली आहे. आजीबाईंना अजून विचारलेले नाही; एका शिजवणाऱ्याच्या चुलीपाशी दुसऱ्याला उभे करायचे म्हणजे नाजूक काम आहे, आणि या बाबतीत तुझे जुने मत मला प्रथमच विचारात घ्यावेसे वाटते. काय करावे ते लिही. दुकान बंद झाल्याचे काकूंना निघण्यापूर्वी सांगायचे की येथे आल्यावर, हेही तूच ठरव. तिकिटे काढताना एवढे पाहा, की एप्रिलच्या अखेरीस सुट्ट्यांचा आठवडा सुरू होतो, त्यापूर्वी तुमचे येथले दिवस संपलेले असावेत.

काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर