एक सेमिस्टर की दोन वर्षं?

चि. लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

परदेशी शिकायला जायचं तुझं ठरलं. आता एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर जायचं की दोन वर्षांचं मास्टर्स करायचं, यावर अडलंय. फोनवर मला सगळं नीट मांडता येत नाही म्हणून लिहिते. माझं मत विचारशील तर दोन वर्षं. वेगळ्या रीतीने जगणारी माणसं समजून घ्यायचीत, असं तूच म्हणालीस, आणि ती चार-पाच महिन्यांत कळत नाहीत.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे 200 नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि 1955 मध्ये निष्कर्ष मांडले. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले बऱ्यापैकी रुळले होते, अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलेही रुळले होते. अवघड गेलं ते मधल्यांना. पुढच्या अभ्यासांत हे सगळीकडे असंच दिसलं नाही, हेही खरं. पण मला ते पटतं. सुरुवातीला सगळंच नवं, म्हणून छान वाटतं. मग ओळखी वरवरच्या वाटू लागतात, चिडचिड होते, घर आठवतं. एका सेमिस्टरने परतलीस, तर हे सुरू व्हायच्या आतच परतशील.

तिथे गेल्यावर निवाडा करायची घाई मात्र करू नकोस. सामायिक स्वयंपाकघरात फ्रिजच्या एकेका कप्प्यावर एकेकाच्या नावाची चिठ्ठी लावलेली दिसेल. पहिल्यांदा मनात येईल, किती कोती माणसं ही! पण पाच अनोळखी मुलं एकाच फ्रिजवर वर्षभर न भांडता राहतात, त्यात त्या चिठ्ठ्यांचा केवढा वाटा असेल! वर्गात कोणी प्राध्यापकांना सरळ ‘मला हे पटत नाही’ म्हणेल, तेव्हा तो उद्धटपणाच असेल असं नाही. शेजारचा गप्प राहील, त्याला काही म्हणायचं नसेल असंही नाही. विचार, ‘तुमच्याकडे हे असं का करतात?’ आणि उत्तर देणारा एकटा म्हणजे त्याचा अख्खा देश नव्हे, हे ध्यानात ठेव. तुलाही कोणी तुझ्या देशाचा वकील करू पाहील. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणावं.

कोर्स इंग्रजीत आहे म्हणून तिथली भाषा टाळू नकोस. चिनी भिक्षू इत्सिंग 671 मध्ये नालंदेला निघाला, पण थेट गेला नाही. वाटेत सुमात्रातल्या श्रीविजयात सहा महिने थांबून संस्कृत व्याकरण शिकला. आपल्यामागून येणाऱ्या भिक्षूंनीही तिथे एक-दोन वर्षं राहून तयारी करावी, असं त्याने लिहून ठेवलं. तुला निदान बसमधल्या गप्पा कळाव्यात इतकी भाषा यायला हवी. लोक आपापसांत कशावर हसतात, कशावर कुरकुरतात, हे लेक्चरमध्ये ऐकू येत नाही.

दूर गेल्यावर आपलंही नव्याने दिसतं. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि 1916 च्या मे महिन्यात मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. जातीचे चटके त्यांनी लहानपणापासून सोसलेले; तिथे ती व्यवस्था अभ्यासाचा विषय म्हणून जगातल्या विद्वानांपुढे ठेवायला साधनं आणि श्रोते मिळाले. तुझ्याही मनात घरचे, समाजाचे काही प्रश्न आहेत, मला माहीत आहेत. ते इथेच ठेवून जाऊ नकोस.

आपल्या देशाच्या मुलामुलींच्या ग्रुपमध्ये जरूर जा. बँकेचं खातं, रहिवासी परवाना, आजारपण, यांत त्यांच्याइतका आधार कोणाचा नसतो. पण सगळ्याच संध्याकाळी तिथे जाऊ लागल्या तर मला काळजी वाटेल. म्हणून हॉस्टेलच्या अर्जात रूममेट आपल्याच देशाची हवी असं लिहू नकोस, कुठलीही चालेल म्हण.

पैशांचं म्हणशील तर मी आणि बाबांनी हिशेब मांडून पाहिला. शिष्यवृत्ती मिळाली तर दोन वर्षं जमतात, नाही मिळाली तर एक वर्ष थांबून जावं लागेल, आणि त्यालाही आमची तयारी आहे. तेव्हा दोन वर्षांच्या कोर्सचा शिष्यवृत्तीचा अर्ज आधी भर, शिफारसपत्रांसाठी सरांना या आठवड्यातच विचार, आणि अर्जातला निबंध पाठवण्याआधी मला वाचायला दे.

तुझी,
आई